गालिचा कोण उचलणार?

गालिच्याची वेळ येते तेव्हा घरातल्यांचे पैसे संपलेले असतात. फॉल्स सीलिंग झालेलं असतं, मॉड्युलर किचनने अंदाजपत्रकाचा लचका तोडलेला असतो, पडद्यांवरून नवरा-बायकोचं एकदा वाजून गेलेलं असतं, वास्तुशांतीची आमंत्रणं गेलेली असतात. मग कुणीतरी म्हणतं, "हॉल जरा ओकाबोका वाटतोय, नाही? खाली काहीतरी टाकू या." हे 'काहीतरी' म्हणजे गालिचा.

इंटिरिअर डिझाइन शिकवताना याच्या बरोब्बर उलट सांगतात. आधी गालिचा ठरवा, त्यावरून सोफ्याचं कापड, मग पडदे आणि भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे. भिंतीच्या रंगाच्या छटा हजारांनी मिळतात, हवी ती दुकानदार मशीनवर मिसळून देतो; मनासारखा गालिचा मात्र मिळाला तर मिळतो. सल्ला एकदम बरोबर आहे. बडोद्यात तो मानणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. इथे सोफ्याच्या कापडाचा वीतभर तुकडा माझ्या हातात देतात आणि सांगतात, "याला मॅच होणारं बघा." मी बघते. पण गेल्या काही वर्षांत मॅचिंगच्या आधी मी एक वेगळाच प्रश्न विचारायला लागले आहे, आणि तो ऐकून लोक थोडे गोंधळतात: हा गालिचा उचलणार कोण?

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात गालिचा नव्हता. सतरंज्या होत्या, दोन जाजमं होती, लोड-तक्के होते, आणि हे सगळं माळ्यावर असायचं. हळदीकुंकू, सत्यनारायण, गणपतीची आरती, मुलगी बघायला येणारी मंडळी, असं काही निघालं की ते खाली यायचं. कार्यक्रम आटोपला की दोघींनी दोन टोकं धरून गॅलरीत झटकायचं, घडी घालायची, पुन्हा वर. एरवी जमीन मोकळी. तिच्यावर गहू निवडले जायचे, अभ्यास व्हायचे, पत्त्यांचे डाव पडायचे, आणि उन्हाळ्याच्या दुपारी सगळी भावंडं लादीला पाठ लावून पडायची. बडोद्याचा मे महिना ज्याने काढलाय त्याला गार लादीचं मोल वेगळं सांगायला नको.

डिझायनरचा गालिचा अंथरला की अंथरला. तो फर्निचरमध्ये मोडतो. त्याच्यावर सोफ्याचे पाय येतात, मधोमध सेंटर टेबल बसतं, आणि तो जमिनीचा भाग होऊन जातो. आमच्या व्यवसायाचे सगळे नियम हे गृहीत धरूनच केलेले आहेत. बैठकीच्या खोलीत निदान सोफ्याचे पुढचे पाय तरी गालिच्यावर हवेत. भिंतीपासून वीत-दीड वीत लादी चारही बाजूंनी उघडी राहावी. जेवणाच्या टेबलाखाली घालायचा तर टेबलाच्या प्रत्येक बाजूने 24 ते 30 इंच बाहेर यावा, म्हणजे खुर्ची मागे ओढली तरी तिचे मागचे पाय गालिच्यावरच राहतात. पलंगाखाली साधारण दोन तृतीयांश भाग जावा आणि सकाळी पाय खाली टाकले की दोन्हीकडे निदान दीड फूट मऊ लागावं.

नियम चुकीचे नाहीत. डोळ्याला ते पटकन पटतात. मोठ्या हॉलमध्ये 4 बाय 6 फुटांचा गालिचा टाकून बघा, कुणाच्या तरी खिशातून हातरुमाल पडल्यासारखा दिसतो. पैसे वाचवायला लोक हीच गोष्ट करतात आणि मग "खोली लहान वाटतेय" म्हणून मला बोलावतात. तिथे मी गालिचा विकत आणायच्या आधी वर्तमानपत्रं अंथरून दाखवते. 5 बाय 8, मग 6 बाय 9, मग 8 बाय 10, असे कागद चिकटपट्टीने जोडायचे आणि त्यावरून दोन दिवस चालायचं. दार उघडताना अडतंय का, आजींची काठी कडेला लागते का, टीव्हीकडे जाताना पाय कुठे पडतो, हे कागद फाटेल तसं कळतं. या युक्तीला एक पैसा लागत नाही, आणि ती केल्याशिवाय मी मापाची ऑर्डर देत नाही.

पण हे नियम जिथे तयार झाले तिथली जमीन बघा. लाकडी फळ्या, बाहेर थंडी, पायात मोजे, आणि ओलं फडकं फिरलं तर कधीमधी. तिथे गालिचा ऊब देतो, त्यामुळे तो कायम अंथरलेला असणं साहजिक आहे. आपल्याकडे घरात अनवाणी वावर, लादी व्हिट्रिफाइड नाहीतर कोटा, आणि रोज कचरा-पोतं. हो, बडोद्यातले मराठी लोकही 'झाडू-पोछा' म्हणत नाहीत, आम्ही कचरा-पोतंच म्हणतो. इतकी वर्षं गुजराती शेजार असल्यावर ते होणारच. तर हे पोतं रोज गालिच्याच्या कडेपर्यंत येतं आणि कडेला ओल ठेवून जातं. ताग असेल तर पावसाळ्यात ती कड काळी पडते आणि खोलीत गोदामाचा वास सुटतो. सुती असेल तर कड आकसून वर वळते, आणि वळलेल्या कडेला अडखळतात घरातली म्हातारी माणसं.

त्यात बाजारात सगळ्यात जास्त खपतो तो हँड-टफ्टेड गालिचा. नावात 'हँड' असल्यामुळे लोकांना वाटतं गाठी मारून विणलेला आहे. तसं नसतं. ताणलेल्या कापडावर पिस्तुलासारख्या यंत्राने लोकरीचे धागे टोचत जातात, ते सुटू नयेत म्हणून मागून रबरी लॅटेक्स फासतात आणि वर दुसरं कापड चिकटवून टाकतात. विणलेला नव्हेच, चिकटवलेला. काम पटकन होतं, नक्षी हवी ती निघते, किंमत आवाक्यात येते, म्हणून मी त्याला नाकं मुरडत नाही. भाड्याच्या घरात, लहान मुलं असलेल्या घरात कधी कधी तोच ठीक. पण ओल आणि उकाडा यांच्यात ते लॅटेक्स काही वर्षांनी वाळतं, भुगा होऊन खाली सांडतं, आणि लोक म्हणतात, "ताई, गालिच्याखालून पीठ पडतंय." 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांमध्ये शिरलं, मगरी रस्त्यांवर आल्या, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत काय वाचलं काय गेलं याचा हिशेब बघायला मी फिरले होते. टफ्टेड गालिच्यांचे पदर सुटले होते. हाताने गाठी मारलेले लोकरी गालिचे चिखलाने भरले होते, तरी त्यांतले बरेच धुऊन, गच्चीवर उलटे-सुलटे वाळवून पुन्हा कामाला आले. सतरंज्या तर लोकांनी त्याच दिवशी वरच्या मजल्यावर नेल्या होत्या. नेता आल्या, कारण त्या नेण्याजोग्या होत्या.

वजनाचा विचार दुकानात कुणी करत नाही. 8 बाय 10 चा चांगला लोकरी, लव म्हणजे वरचे उभे मऊ धागे असलेला गालिचा सहज तीस किलोच्या वर जातो. त्याच मापाची सुती सतरंजी निम्म्याहून कमी भरते. आता गालिच्याची निगा म्हणून जे जे सांगितलं जातं ते आठवून बघा. दर सहा महिन्यांनी उलट दिशेने फिरवा, म्हणजे खिडकीतल्या उन्हाने एकच बाजू उडणार नाही. मागची बाजू झटका, कारण वाळू लवेच्या मुळाशी जाऊन बसते आणि पायाखाली धागा कापत राहते. लोकरीला कसर लागते ती वर नाही, सोफ्याखालच्या अंधाऱ्या न हललेल्या भागात. तेव्हा तो भाग वरचेवर उजेडात आणा. कडुलिंबाचा पाला घाला, कापूर ठेवा, सगळं खरं, पण पाला घालायलाही आधी गालिचा उचलावा लागतो. आणि तीन सीटचा सोफा त्याच्यावर बसवून ठेवलाय आम्हीच, प्रमाण सुंदर दिसावं म्हणून.

उचलण्यावरून आठवलं. विंडसरच्या राजवाड्यात वॉटर्लू चेंबर नावाच्या दालनात एक अवाढव्य गालिचा आहे, व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला. वजन सुमारे दोन टन. 1992 मध्ये राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला 50 सैनिक लागले. राणीकडे सैनिक होते. आपल्याकडे एक बाई सकाळी येते, तिला पुढची चार घरं करायची असतात.

म्हणून मी अलीकडे गालिच्याच्या बाबतीत नियम वाकवते. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर घ्यायचेच असतील तर चार-पाच इंचच घेते, म्हणजे सोफा जरासा मागे सरकवला की गालिचा सुटतो. भारी सेंटर टेबलाऐवजी दोन हलकी स्टुलं सुचवते. खाली घसरू नये म्हणून जाळीदार रबरी मॅट मात्र प्रत्येक ठिकाणी; चकचकीत टाइलवर मॅटशिवाय गालिचा टाकणं म्हणजे ऑर्थोपेडिक डॉक्टरला धंदा देणं. आणि सपाट विणीला, म्हणजे सतरंजी, दरी, किलीम या घराण्याला, मी पहिला मान देते. लव नसल्यामुळे धूळ धरून बसत नाही, दोन्ही बाजूंनी वापरता येते, आणि पंजाने, म्हणजे कंगव्यासारख्या लोखंडी हत्याराने, ठोकून घट्ट विणलेली दरी तर अगदी दणकट असते. तिला 'गरिबाचा गालिचा' समजणारे क्लायंट भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालते आणि बहुतेक वेळा हरते.

बडोद्यातल्या घरांची खरी गंमत मात्र झोपाळा आहे. इथे हॉलमध्ये झोपाळा नसेल तर पाहुणे विचारतात, "अजून लावायचाय का?" छताला कड्या, पितळी साखळ्या, सागवानी पाट, नाहीतर संखेडा गावचा, लाखेच्या रंगाचा, आपल्याच खांबांवर उभा. आमच्याकडे आजोबा दुपारची सुपारी तिथेच कातरायचे, आणि घरातले सगळे महत्त्वाचे निर्णय झोके घेत घेत व्हायचे. परदेशी मासिकांतल्या एकाही मांडणीत या वस्तूला जागा नाही, त्यामुळे झोपाळ्याखाली काय अंथरायचं याचं उत्तर आम्हाला इथेच शोधावं लागलं.

क्लायंटची पहिली इच्छा असते की गालिचा झोपाळ्याच्या बरोब्बर खाली, मधोमध यावा. फोटोत ते फार छान दिसतं. प्रत्यक्षात झोपाळ्यावर बसणारा माणूस दर झोक्याला पायाचा अंगठा किंवा टाच एकाच जागी टेकवून रेटा देतो. लव असलेल्या गालिच्यावर वर्षभरात तिथे टक्कल पडतं. सतरंजी असेल तर ती त्या रेट्याने मागे मागे सरकत जाऊन गोळा होते आणि साखळी ओढली गेली की कड पाटाखाली येते. संखेड्याच्या उभ्या झोपाळ्याचे चार पाय गालिच्यावर ठेवले तर एक पाय लवेत जास्त रुततो आणि झोका तिरका बसतो. खाली लादी मोकळी असेल तर पाय गार लागतो आणि रेटाही नीट बसतो. माझं मत आता पक्कं आहे: झोपाळ्याखाली काही नको. झोका पुढे-मागे जेवढा जातो तेवढी लादी उघडी ठेवायची आणि गालिचा समोरच्या बैठकीसाठी ठेवायचा. मग गालिच्याचं माप सोफ्यावरून ठरत नाही, झोक्यावरून ठरतं. माझ्या ड्रॉइंगमध्ये झोपाळ्याच्या पुढे-मागे तुटक रेषेत झोक्याची मर्यादा काढलेली असते. कंत्राटदाराच्या पोराने पहिल्यांदा पाहून विचारलं होतं, "मॅडम, हे दार कुठलं?"

जेवणाच्या टेबलाखाली गालिचा घालावा की नाही, यावर मी फार वेळ दवडत नाही. वरण-भात खाणाऱ्या घरात घालू नये. हळद हा लोकर रंगवायचाच पदार्थ आहे, रंगारी तो मुद्दाम वापरत आले आहेत. आमटीचा थेंब पडला की ते रंगकाम आपोआप सुरू होतं. त्यातल्या त्यात एक दिलासा म्हणजे हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. डाग धुऊन गच्चीवर उन्हात टाकला की दोन-चार दिवसांत पुष्कळ फिका होतो, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकता माहीत होतं. पण त्यासाठी गच्चीपर्यंत न्यायला तो उचलता यायला हवा, हे आलंच.

रंग निवडताना लोक दोन टोकांना जातात. एक तर पांढराशुभ्र, कारण इन्स्टाग्राम, नाहीतर गडद चॉकलेटी, "मळखाऊ आहे." गडद एकरंगी गालिचा मळखाऊ नसतो, हे सांगून माझा घसा दुखतो. बडोद्याची धूळ भुरकट-पिवळी आहे, ती काळ्या-निळ्यावर जास्तच उठून दिसते. खरी मळखाऊ असते ती मधल्या छटांची, तीन-चार रंग एकमेकांत मिसळलेली नक्षी. जुन्या हातविणीच्या गालिच्यांत एकाच रंगाचे पट्टे कुठे जरा फिके, कुठे गडद दिसतात, कारण लोकरीची पुढची खेप वेगळ्या हंड्यात रंगवलेली असते. क्लायंट ते बघून "डिफेक्ट आहे, डिस्काउंट मागा" म्हणतात. मी उलट तोच उचलते. धूळ, सांडलेला चहा, मांजराचे केस, सगळं त्या चढ-उतारात खपून जातं.

लवेची दिशाही बघावी लागते. विणताना लव एका बाजूला झुकलेली राहते, त्यामुळे तोच गालिचा दाराकडून फिका आणि खिडकीकडून गडद दिसतो. दुकानात दुकानदार तो नेहमी फिक्या, चमकदार बाजूने पसरतो; तो त्याचा हक्क आहे. आपण पलीकडे जाऊन उभं राहायचं, तो आपला. शिवाय दुकानातले पांढरेशुभ्र दिवे आणि घरातला पिवळा उजेड यांत रंगाचा पार कायापालट होतो. चांगला दुकानदार ओळखीवर दोन दिवस घरी ठेवायला देतो. देत नसेल तर मी सोफ्याच्या कापडाबरोबर भिंतीच्या रंगाचं कार्ड आणि घरातल्या लादीचा तुकडा अशी पिशवी घेऊन दुकानाबाहेरच्या उजेडात बसते. रावपुऱ्यातल्या रहदारीत फुटपाथवर लादीचे तुकडे मांडून बसलेली बाई दिसली तर ती बहुधा मीच असेन.

नव्या फ्लॅटमध्ये गेले की मी एक टाळी वाजवते. वासणा-भायलीकडच्या उंच इमारतींत मोठ्या काचा, गुळगुळीत टाइल, पीओपीचं छत. टाळी भिंतीवरून परत येते. अशा घरात चार माणसं बोलली की कलकलाट होतो आणि टीव्हीचा आवाज वाढवत न्यावा लागतो. इथे मात्र मी लव असलेला, जाड लोकरी गालिचा सुचवते, वजन असलं तरी. आवाज पिण्याचं काम सतरंजी तेवढं करू शकत नाही. पूर्वी गाण्याच्या बैठकीला सतरंजीवर गाद्या आणि वर पांढरी चादर घालत, तेव्हा ती बसणाऱ्यांची सोय होतीच, पण सूर घुमू नये म्हणूनही तिचा उपयोग व्हायचा.

आता फसवणुकीचा भाग. 'बांबू सिल्क' आणि 'आर्ट सिल्क' या नावांखाली जे चमकतं ते बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे कृत्रिम रेशीम असतं. दिसायला देखणं, हाताला रेशमासारखं, आणि पाण्याचा एक ग्लास सांडला की तिथे कायमचा पिवळट डाग. रोज पोतं होणाऱ्या घरात मी ते आणू देत नाही. शंका असेल तर कडेचा एक धागा काढून जाळून बघावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, व्हिस्कोस कागदासारखं जळतं, आणि पॉलिप्रॉपिलीन वितळून त्याचा टणक मणी होतो. गालिचा उलटा करून बघणं त्याहून सोपं. हाताने गाठी मारलेला असेल तर नक्षी मागेही तितकीच स्पष्ट दिसते, आणि टोकाची झालर म्हणजे विणीचेच उभे धागे असतात. झालर शिवून लावलेली दिसली की किमतीबद्दल बोलायला सुरुवात करावी.

आणि खरंच हाताने गाठी मारलेला निघाला तर फार घासाघीस करू नये, असं माझं मत. हिशेब मांडून बघा. 8 बाय 10 फूट म्हणजे 11,520 चौरस इंच. चौरस इंचाला 100 गाठी धरल्या, आणि ही काही फार बारीक वीण नव्हे, तर साडेअकरा लाख गाठी झाल्या. कुशल विणकर दिवसाला सहा ते दहा हजार मारतो. म्हणजे एका माणसाचे चार महिन्यांच्या वर दिवस, रंगवणं, धुणं, कातरणं वेगळंच. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या गालिच्यांना 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या पट्ट्यातल्या मागांवर लहान मुलं बसवली जात होती हाही त्याच व्यवसायाचा इतिहास. कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने 1994 मध्ये रगमार्क नावाचं लेबल सुरू झालं, ते आता गुडवीव्ह म्हणून ओळखलं जातं. बालमजुरीशिवाय विणल्याची ती खूण. मी दुकानात ते विचारते. कधी दाखवतात, कधी विषय बदलतात. विषय बदलला की मीही दुकान बदलते. कच्छची खरड, म्हणजे तिथली हातविणीची सतरंजी, मिळाली तर मला मनापासून आनंद होतो. बकरीचे केस आणि उंटाची लोकर, मूळचेच करडे-तपकिरी-काळे रंग, जाड आणि राकट वीण. विणणारी घरं आता अगदी थोडी उरली आहेत. पायाला ती बोचते, म्हणून बैठकीत नाही, प्रवेशाच्या पॅसेजमध्ये घालते.

बडोद्याचा सगळ्यात प्रसिद्ध गालिचा मात्र कुणाच्या पायासाठी केलेलाच नव्हता. खंडेराव महाराज गायकवाडांनी 1865 च्या सुमारास तो करवून घेतला. रेशीम आणि हरणाचं कातडं यांच्यावर बसरा मोती, अंदाजे 15 ते 20 लाख, शिवाय काचमणी, हिरे, माणकं, पाचू, नीलम. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करायचा महाराजांचा बेत होता असं सांगतात. 1870 मध्ये महाराज गेले आणि गालिचा इथेच राहिला. पुढे तो बडोद्याच्या महाराणी सीतादेवींबरोबर मोनाकोला गेला, आणि मार्च 2009 मध्ये दोह्याला सोदबीजच्या लिलावात 54 लाख डॉलरहून जास्त किमतीला विकला गेला. लांबी-रुंदी जेमतेम पावणेनऊ फूट बाय पावणेसहा, म्हणजे आजच्या 6 बाय 9 हून थोडा लहानच. माझा डोळा आधी मापाकडे जातो, त्याला इलाज नाही. काश्मिरी रेशमी गालिचा आणून त्यावर चादर पसरणारी, आणि पाहुणे आले की चादर काढून "जरा कडेने या हं" म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांना मी सरळ सांगते, भिंतीवर लावा. वरून दांडी, मागे कापडाचा बोगदा शिवून घेतला की झालं. तिथे त्याचं कौतुकही होईल आणि पाहुण्यांना मोकळेपणाने चालता येईल.

मागच्या वर्षी भायलीच्या एका घरात हे सगळं एकदम समोर आलं. तीन पिढ्यांचं मराठी कुटुंब, हॉल मोठा, झोपाळा खिडकीशी. सूनबाईंना 8 बाय 10 च्या खाली काही पटत नव्हतं, आणि प्रमाणाच्या दृष्टीने तिचं बरोबर होतं. मी दुकानातून नमुन्याला एक तेवढाच लोकरी गालिचा मागवला आणि कचरा-पोतं करायला येणाऱ्या मावशींना विचारलं, जमेल का? त्यांनी एक कोपरा धरून पाहिला. "बेन, आ मारा एकलीथी नहि उपडे." म्हणजे, हा माझ्या एकटीने उचलणार नाही. सूनबाईंना ते जरा लागलं. गालिचा बाईला विचारून घ्यायचा का, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण चेहऱ्यावर होतं. आजींनी झोपाळ्यावरून विचारलं, "अगं, मग दोन जोडून घाला की. सतरंज्या काय एकेकच अंथरायचो का आपण?"

5 बाय 8 च्या दोन दऱ्या लांबीच्या बाजूने जोडल्या की 8 बाय 10 होतात. इतकी साधी बेरीज मला शिकवली नव्हती. आडव्या पट्ट्यांची नक्षी घेतली, म्हणजे सांध्यावर पट्टे जुळतात आणि सांधा डोळ्यांत येत नाही. खालून वेल्क्रोची पट्टी शिवून घेतली. एकेक दरी मावशी एकट्या गुंडाळतात. सूनबाई खूश, मी तर फारच खूश, कामाचे फोटो काढायचे ठरले. फोटोग्राफरला घेऊन गेले तेव्हा हॉलमध्ये अर्धाच गालिचा. गुरुवार होता, आजींचं भजनी मंडळ आतल्या खोलीत जमलं होतं, आणि दुसरा अर्धा गालिचा त्यांच्याखाली होता. मी दारात घुटमळले तशा आजी टाळ न थांबवता म्हणाल्या, "बसा हो जरा. आरती झाली की देतो परत."